आठ पाय मोजताना

वऱ्हाडात आसेगाव नावाची गावं बरीच आहेत. अकोट तालुक्यात आसेगाव बाजार, चांदूर बाजार तालुक्यात आसेगाव पूर्णा, रिसोड तालुक्यात आसेगाव पेन. माझ्या आईचं माहेर असलेलं आसेगाव वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यात आहे. लहानपणी अकोल्याच्या स्टँडवर आईने नुसतं 'आसेगाव' म्हटलं की समोरचा माणूस आधी विचारायचा, "कोणतं आसेगाव?" आई तालुका सांगायची, मग गाडी कळायची. पुढे मी मुलांसाठी लिहू लागले. माझ्या पहिल्या तीन पुस्तकांत 'एक गाव होतं' एवढंच होतं. ते कोणतं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

हे पुस्तक त्या प्रश्नाविषयी आहे. मुलांची पुस्तकं लिहिणारे शोध कसा घेतात, काय पाहतात, कुणाला विचारतात, कुठल्या जुन्या कागदांत डोकं घालतात, वहीत काय टिपतात आणि त्यातलं किती बाजूला ठेवतात, याची टिपणं मी बारा-तेरा वर्षं करत आले. नव्याने लिहू लागलेल्यांच्या उपयोगाची म्हणून ती इथे एकत्र केली आहेत. कामाचा तपशील पुढच्या प्रकरणांत येईलच. या कामापायी एवढा जीव का टाकायचा आणि ते मला कुठे उमगलं, एवढंच प्रस्तावनेत सांगायचं आहे.

उमगलं ते मामाच्या वावरात. मृग लागून चार-पाच दिवस झाले होते. आदल्या रात्री पहिला दणकून पाऊस झाला होता आणि सकाळी वखरलेल्या काळ्या मातीवर लाल मखमलीचे ठिपके चालत होते. मृगाचे किडे. या किड्यावरच मी एक गोष्ट लिहून नेली होती, चित्रंही माझीच होती, आणि शेजारची तीन-चार मुलं धुऱ्यावर बसून ती ऐकत होती. दुसरीतल्या एका मुलीने मला मध्येच थांबवलं. चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, याले त आठ पाय असतेत. तुमी सहाच काहून काढले?"

मी म्हटलं, किड्याला सहाच पाय असतात. शाळेत मी तेच शिकले होते. ती काही बोलली नाही. उठून गेली, पळसाच्या पानावर एक किडा घेऊन आली आणि ते पान माझ्या मांडीवर ठेवलं. किडा पाय पोटाशी घेऊन गोळा होऊन पडला होता. आम्ही सगळे न हलता बसलो. थोड्या वेळाने त्याने एक पाय बाहेर काढला, मग दुसरा. पुढचे दोन पाय आंधळ्याच्या काठीसारखे चाचपडत हवेत हलले. ती मोठ्याने मोजत होती. आठ भरले.

मृगाचा किडा हा मुळात कीटक नव्हेच. कोळी आणि विंचू यांच्या कुळातला तो, अष्टपाद. वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली काढतो आणि पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर येतो. त्याच पावसात वाळवी पंख लावून बाहेर पडते, आणि वाळवी हे त्याचं खाणं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र खरोखरच सहा पाय असतात. ते नाकतोड्यासारख्या एखाद्या कीटकाच्या अंगाला चिकटून वाढतं, आठ पाय त्याला पुढे येतात. हे सगळं मी नंतर वाचलं आणि वाचल्यावर गोष्टच बदलली. आधीच्या गोष्टीत किडा ढगातून पावसाबरोबर खाली पडत होता, कारण लहानपणी आम्हाला तसंच वाटायचं. नव्या गोष्टीत तो मातीच्या अंधारात पडून आहे, वर थेंब वाजू लागतात, माती मऊ होते, ओल खाली उतरत येते, आणि त्याला भूक लागते. घरी टेबलाशी बसून मला हे सुचलं नसतं.

मोठ्यांच्या कादंबरीत एखादी चूक निघाली तर वाचक लेखकाला नावं ठेवतो आणि पुढे वाचतो. सहा-सात वर्षांचं मूल छापलेलं खरं मानून चालतं. शिवाय पुस्तकातली वस्तू अंगणात असेल तर ती उचलून पुस्तकाशेजारी ठेवून बघतं. दोन्ही जुळलं नाही की कुणीतरी एक चूक ठरतो, आणि पुष्कळदा मूल स्वतःलाच चूक ठरवतं. त्या मुलीने मला चूक ठरवलं, कारण मी गावच्या घरची होते आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसले होते. तेच चित्र छापील पुस्तकातून, गुरुजींच्या हातून तिच्यापुढे आलं असतं तर? बहुधा तिने आपली नजर खोटी मानून सहाच पाय मोजले असते. मला त्याची भीती वाटते. पुस्तकाने मुलाची नजर त्याच्याकडून काढून घेणं याहून मोठं नुकसान मला तरी माहीत नाही.

मुलांच्या पुस्तकांत 'गाव' म्हणून जे चित्र येतं ते एकदा नीट पाहा. लाल कौलांची उतरती छपरं, मागे हिरवा डोंगर, अंगणात तुळस, विहिरीवर मोट. वऱ्हाडातलं मूल यातलं काय ओळखणार? त्याच्या गावात धाब्याची घरं होती, आता टिनपत्रे आहेत किंवा स्लॅब आहे. काळीभोर सपाट जमीन, पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेणारी. सोयाबीन, तूर, पऱ्हाटी. रात्री रोही आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून बाप जागलीला जातो. मोट त्याच्या बापानेही पाहिलेली नसते. एका पुस्तकात मी वऱ्हाडची म्हणून दिलेल्या गोष्टीला माडांची रांग काढून मिळाली होती. दोष चित्रकाराचा नव्हता. मी त्याला एकही फोटो दिला नव्हता, झाडाचं नावही लिहिलं नव्हतं. 'शेतात झाडं होती' असं माझं वाक्य होतं, त्याने झाडं काढली.

ही सवय आपल्याला जुनी आहे. मराठीत मुलांसाठी छापील वाचन सुरू झालं तेच भाषांतरांनी. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' आणि 'इसापनीती' ही दोन्ही पुस्तकं 1828 सालची. 'बाळमित्र' हे मूळ फ्रेंच पुस्तकाच्या इंग्रजी अवतारावरून आलेलं. छत्र्यांचे उपकार मोठेच आहेत, त्यांनी मुलांना वाचता येईल असं गद्य घडवलं. पण ज्या घरांत आणि बागांत त्या गोष्टी घडत होत्या, ती पाहायला जाण्याची सोय ना लेखकाला होती ना वाचकाला. तेव्हापासून गोष्ट ही दुसऱ्या पुस्तकातून घ्यायची वस्तू आहे असं आपल्या मनात कुठेतरी बसलं.

याला छेद देणारेही झाले. साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिलं ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात. तिथे कागदपत्रं कुठली, पण पालगडचं घर, विहीर, वाट आणि तिथली माणसं त्यांना तोंडपाठ होती. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, आणि त्याच हाताने फुरसुंगीचा फास्टर फेणे दिला. फुरसुंगी पुण्याजवळ नकाशावर सापडते. त्या एका नावामुळे पोराच्या सायकलीला जमीन मिळते, असं मला नेहमी वाटतं. आपण पुढच्यांनी यातलं सोपं तेवढं उचललं. गुरुजींचं कोकण गुरुजींच्या आठवणीतलं होतं म्हणून जिवंत होतं. आम्ही ते उसनं घेतलं आणि सगळ्या महाराष्ट्राला लावलं.

शोध म्हणजे काय याचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा धडा पुस्तकं लिहिणाऱ्यांकडून आलेला नाही. तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याकडून आला. 1945 साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघी बालवाडीच पाड्यावर घेऊन गेल्या, कुणाच्या तरी अंगणात. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जात म्हणून कुरणशाळा काढली, गुरांमागे. मोजायला बिया, शंख-शिंपले, पानं, जे तिथे होतं ते घेतलं. हे शिक्षणाचं काम म्हणून आपल्याला माहीत आहे. लिहिणाऱ्याने ते वेगळ्या डोळ्यांनी वाचावं. मूल कुठे आहे, दिवसभर काय करतं, त्याच्या हातात कोणती वस्तू असते, हे तिथे जाऊन पाहिल्याशिवाय त्याच्यासाठी काही तयार करायचं नाही, ही ती शिस्त आहे. गिजुभाई बधेका भावनगरच्या बालमंदिरात मुलांपुढे बसून गोष्टी सांगत आणि त्यांचे चेहरे वाचत. ताराबाई त्यांच्याबरोबर काम करून आलेल्या होत्या. ही सवय त्यांनी तिथूनच आणली असणार, असं मला वाटतं.

आणखी एक माणूस या संदर्भात मला सतत आठवतो, तो म्हणजे मारुती चितमपल्ली. ते वनाधिकारी होते, नवेगाव, नागझिरा, मेळघाट अशा जंगलांत त्यांची नोकरी झाली. पक्ष्याचं इंग्रजी नाव ठाऊक असतानाही ते ढीवराला, गोंडाला, कोरकूला विचारत, तुम्ही याला काय म्हणता? त्या उत्तरांतून त्यांचा 'पक्षिकोश' उभा राहिला. मुलांसाठी लिहिताना 'एक छोटा पक्षी' असं वाक्य हातून उतरू लागलं की मी थांबते. छोटा म्हणजे कोणता? टिटवी, लाव्हा, सुगरण? सुगरण म्हटलं तर आणखी एक गंमत आहे. आपल्या गोष्टींत घरटं बहुधा मादी विणते. विहिरीवर वाकलेल्या बाभळीखाली तासभर बसलं तर पिवळ्या डोक्याचा नर गवताची पाती सोलून आणताना दिसतो. अर्धं घरटं विणून तो पंख फडफडवत लोंबकळतो, मादी येऊन आत डोकावते, पसंत पडलं तर राहते. बाप घर बांधतोय आणि आई ते तपासतेय, ही गोष्ट सात वर्षांच्या मुलाला किती हसवेल!

परदेशातही मोठे लेखक असेच वागले आहेत. अमेरिकेतल्या रॉबर्ट मॅक्लॉस्कीला बदकांच्या कुटुंबावर चित्रपुस्तक करायचं होतं. संग्रहालयात जाऊन, पक्षितज्ज्ञाला भेटूनही त्याचं समाधान होईना. शेवटी त्याने जिवंत बदकं विकत आणून न्यूयॉर्कच्या आपल्या बिऱ्हाडात सोडली, त्यांच्यामागे फरशीवर रांगत त्यांची चित्रं काढली, न्हाणीघरात पाणी भरून ती पोहताना पाहिली. ते पुस्तक 1941 साली निघालं आणि अजून मुलं वाचतात. आसेगावात बदकं विकत आणावी लागत नाहीत. तिथे सगळं उघड्यावर आहे, फक्त खाली बसावं लागतं.

खाली बसणं हे मी शब्दशः म्हणते आहे. दुसरीतल्या मुलाची उंची साधारण चार फूट. त्या उंचीवरून बैलाचं पोट समोर येतं, शिंगं वर कुठेतरी असतात. बाजेखालचं जग पूर्ण दिसतं: सुताचे लोंबलेले धागे, हरवलेली गोटी, मांजरीने लपवलेली पिल्लं. चुलीवरच्या भांड्यात काय आहे ते दिसत नाही, नुसता वास येतो. मामाच्या घरी मी एक अख्खी दुपार ओसरीत जमिनीवर बसून काढली आणि जे दिसलं तेवढंच लिहिलं. मामी दोनदा विचारून गेली, तब्येत बरी आहे नं. त्या दुपारच्या चार पानांवर पुढे माझी दोन पुस्तकं निघाली.

कागदांचं काम याहून रुक्ष वाटतं, पण मला त्याचाही लळा लागला आहे. वाशीमचा जुना पत्ता शोधायचा तर आधी नावाचा गुंता सोडवावा लागतो. इंग्रजी अमलात या जिल्ह्याचं नाव बासीम होतं. 1905 मध्ये तो जिल्हा मोडला, वाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला जोडले, पुसद यवतमाळकडे गेला. 1 जुलै 1998 ला वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचं आसेगाव शोधणाऱ्याने 'वाशीम जिल्हा' असं शोधलं तर हाती काही लागत नाही. 1870 चं लायलचं वऱ्हाडचं गॅझेटियर आणि 1910 चं अकोला जिल्ह्याचं गॅझेटियर चाळावं लागतं. त्यांत पिकं, बाजार, जत्रा, वाटा, दुष्काळ यांची माहिती आहे. लिहिणारे साहेब होते, त्यांची नजर सारा वसूल करणाऱ्याची होती, हे ध्यानात ठेवून ते वाचायचं. मुलांच्या गोष्टीला त्यातून एखादीच ओळ मिळते, पण ती भक्कम मिळते.

त्याहून जवळचा कागद म्हणजे सातबारा. त्यातला नमुना सात हा मालकीचा आणि बारा हा पिकांचा. आजोबांच्या काळातल्या एका गोष्टीत, साल साधारण 1975, मी एका मुलाला सोयाबीनमध्ये लपवलं होतं. मामाने वाचून मान हलवली. म्हणाला, तेव्हा आपल्याकडे सोयाबीन होतं कुठं? जुना उतारा काढला तर त्या वावरात ज्वारी, तूर, कापूस. शिवाय सोयाबीन कमरेच्या वर जात नाही, त्यात पळतं मूल लपणार कसं? ज्वारी डोक्याच्याही वर जाते, पानं अंगाला कापतात, कणसांवर पाखरांचा कलकलाट असतो. मुलगा ज्वारीत शिरला आणि गोष्टीला एकदम आवाज आला. अशीच नाण्यांची गोष्ट. 1 एप्रिल 1957 पूर्वीच्या रुपयात सोळा आणे होते, त्याआधीच्या जत्रेत कुणी पन्नास पैशांची शिट्टी घेऊ शकत नाही. कारंज्यावरून जाणाऱ्या मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला गाडीला 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं, म्हणजे 1990 मधला मुलगा खिडकीशी बसला असेल तर त्याच्या डोळ्यात कोळशाचा कण जायला हवा.

भाषेचा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो. या भागातल्या एखाद्या पहिलीच्या वर्गात बसून 'आई'ला काय म्हणता विचारलं तर एक मूल माय म्हणतं, तांड्यावरचं मूल याडी म्हणतं, तिसरं अम्मी म्हणतं. पुस्तकात तिघांनाही आई भेटते. प्रमाण मराठीविषयी माझी तक्रार नाही, मी तिच्यातच लिहिते. पण घरचा शब्द पुस्तकात कधीच दिसला नाही तर मुलाला तो छापण्याच्या लायकीचा नाही असं वाटू लागतं. म्हणून निवेदन प्रमाण भाषेत आणि बोलणं वऱ्हाडीत, असं मी ठरवलं. आणि तिथेच फसले. आईच्या तोंडून ऐकलेली माझी वऱ्हाडी तिच्या पिढीची होती. आजची पोरं 'मले', 'तुले' म्हणतात, 'जाऊन राहिलो' म्हणतात, डोळ्याला 'डोया' म्हणतात, पण त्यात मोबाईलचे आणि टीव्हीचे शब्दही बेमालूम मिसळतात. बोली ऐकायची तर आज, बाजारात, शाळेच्या सुट्टीत ऐकायची. कोश त्यानंतर उघडायचे. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त (1932 ते 1938) वऱ्हाडी शब्द वऱ्हाडी म्हणून नोंदवलेले सापडतात. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या 1905 सालच्या सातव्या खंडात शतकापूर्वीच्या वऱ्हाडीचे नमुने आहेत. मी ते मोठ्याने वाचून मामीला ऐकवले. काही वाक्यांना ती हसली, म्हणाली, माझी आजी असंच बोलायची. मला पणजीच्या काळातलं एक पात्र त्या दुपारी मिळालं.

'वावर' हा शब्द छापला तर पुण्याच्या मुलाला कळेल का, असं एका संपादकांनी मला विचारलं होतं. चित्रात वावर दिसत असेल आणि मुलगा त्यातून पळत असेल तर कळतं. आसेगावच्या मुलांना भोंडला कळतोच की. त्यांच्याकडे भुलाबाई असते, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, मातीच्या भुलोबा-भुलाबाईसमोर टिपऱ्या खेळत. भोंडल्याचा पाटावरचा हत्ती इथे नसतो. दोन्हींत खिरापत ओळखायची असते, आणि ती ओळखताना पोरी जे करतात ते पाहून मला नेहमी वाटतं की शोध कसा घ्यावा हे यांच्याकडून शिकावं. डबा बंद असतो. एक पोरगी तो कानाशी नेऊन हलवते. खडखडला की दाणे, फुटाणे किंवा चिवडा. आवाज आला नाही तर शिरा, किंवा वडी घट्ट बसवलेली. दुसरी डब्याला हात लावून गरम आहे का बघते. तिसरी झाकणाच्या फटीशी नाक नेते. चौथी डब्याकडे पाहतच नाही, ती त्या घरातल्या धाकट्या पोराच्या तोंडाला काय लागलंय ते पाहते. कान, हात, नाक, साक्षीदार. एवढं सगळं करून मगच त्या उत्तर देतात, आणि चुकलं तर पुन्हा डबा मागतात.

वहीविषयी पुढे वेगळं प्रकरण आहे, इथे एकच सांगते. माझ्या वहीचं डावं पान पाहिलेल्याचं, उजवं पान वाटलेल्याचं. डाव्या पानावर तारीख, वेळ, जागा आणि सांगणाऱ्याचं नाव. ही दोन पानं एकमेकांत मिसळू दिली की सहा महिन्यांनी स्वतःलाच कळत नाही की हे पाहिलं होतं की रचलं होतं. वहीतलं नव्वद टक्के पुस्तकात जात नाही, जाऊही नये. माहिती ठासून भरलेली गोष्ट मुलं दोन पानांत खाली ठेवतात. मृगाच्या किड्याच्या पिल्लाचे सहा पाय माझ्या गोष्टीत कुठेच नाहीत. ते मला ठाऊक आहेत, म्हणून बाकीचं मी न घाबरता लिहू शकले.

सांगणाऱ्याच्या नावाचं थोडं अधिक बोलायला हवं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या मुलीने, मेरी फ्रिअरने, आपल्या आयेकडून ऐकलेल्या दख्खनच्या गोष्टींचं पुस्तक 1868 साली लंडनला छापलं. त्या आयेचं नाव ॲना लिबराता डिसूझा. मेरीने गोष्टींच्या आधी ॲनाची स्वतःची हकीकत घातली. राज्यकर्त्याच्या मुलीला त्या काळात हे सुचलं. आपण आजीकडून, शेजारच्या बुढीकडून, सालदाराकडून गोष्टी घेतो आणि मुखपृष्ठावर आपलं नाव टाकतो. ज्याने सांगितली त्याचं नाव, त्याची परवानगी असेल तर, पुस्तकात यावं. पुस्तकाची प्रत त्याच्या हातात पडावी. मामाच्या गावात माझ्या तीन प्रती घराघरांत फिरून फाटल्या आहेत, त्याचा मला फार आनंद आहे.

मुलांना विचारतानाची एक मर्यादा मात्र मी कधी ओलांडत नाही. या भागात अशी घरं आहेत जिथे बापाने कर्जापायी जीव दिला. त्या घरातल्या मुलाला, तू काय पाहिलंस, असं कोणत्याही गोष्टीसाठी विचारायचं नाही. ते मूल आपणहून काही बोललं तर ऐकायचं, वही बंद करून. पुढे तसं दुःख लिहायची वेळ आलीच, तर मुलाचं नाव, गाव, घर काही ओळखू येऊ नये. घरच्या मोठ्यांना विचारल्याशिवाय कुठल्याच मुलाचा फोटो किंवा आवाज घ्यायचा नाही. पुढच्या प्रकरणांतल्या बाकी सगळ्या सूचना ज्याने त्याने आपल्या सोयीने बदलाव्यात. ही बदलू नये.

गोष्ट लिहून झाली की ती पुन्हा तिथेच नेऊन वाचायची. चित्रं न दाखवता वाचायची. 'आवडली का?' असं विचारलं तर मुलं पाहुणीला 'हो' म्हणतात, त्याचा उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनाच ती सांगायला लावायची. ती जे गाळतात ते बहुधा गाळण्याजोगंच असतं, आणि जे स्वतःच्या पदरचं घालतात तिथे आपली गोष्ट तोकडी पडलेली असते. वाचताना कुणाचा हात माती उकरायला लागला ती ओळ मी पेन्सिलीने खूण करून ठेवते.

मृगाच्या किड्याची दुरुस्त गोष्ट मी पुढच्या जूनमध्ये आसेगावला नेली. आठही पाय नीट काढले होते, प्रत्येक पायाची लव दिसेल अशी. तीच मुलगी आता तिसरीत होती. तिने पाय मोजले, मान हलवली, पान उलटलं. पुढच्या चित्रात एका मुलाने किडा दोन बोटांच्या चिमटीत धरला होता. ती त्या चित्रापाशी बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "मावशी, असं नाई धरत त्याले. दबते तो." तिने तळहात जमिनीला टेकवला आणि बोटं मातीत सोडून ती तशीच थांबली. थोड्या वेळाने एक किडा तिच्या करंगळीवरून चढून तळव्यावर आला. चित्र मी पुन्हा काढायला घेतलं.